किती पुण्य केलं म्हणजे पुरे? या प्रश्नाने झोप उडालेल्या मार्टिन ल्यूथरची गोष्ट

मार्टिन ल्यूथर म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यासमोर येतात ते अमेरिकेतले मार्टिन ल्यूथर किंग. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले नेते. पण किंग यांना हे नाव मिळालं ते एका जर्मन माणसामुळे. किंग यांचे वडील चर्चमध्ये पाद्री होते. १९३४ साली ते जर्मनीला जाऊन आले आणि तिथल्या एका जुन्या धर्मसुधारकाच्या कामाने इतके भारावले, की त्यांनी स्वतःचं आणि आपल्या पाच वर्षांच्या मुलाचं नाव बदलून टाकलं.

तो धर्मसुधारक म्हणजे मूळचा मार्टिन ल्यूथर. शाळेच्या इतिहासात तो दोन-चार ओळींत येऊन जातो. पोपविरुद्ध बंड केलं, चर्चच्या दारावर ९५ मुद्दे ठोकले, प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला. धडा संपला.

पण हा माणूस बंड करायला निघालाच नव्हता. त्याला पडलेला प्रश्न अगदी खाजगी होता. मी नेमकं किती चांगलं वागलो म्हणजे देव मला स्वीकारेल? या प्रश्नाचं त्याला जे उत्तर सापडलं, त्याने युरोपचा नकाशा बदलला. माणसाचं तारण त्याच्या पुण्यकर्मांनी होतं की केवळ विश्वासाने, हा ख्रिस्ती धर्मातला सगळ्यात मोठा वाद याच माणसाच्या आयुष्यात पेटला. म्हणून तो समजून घ्यायचा तर आधी हा माणूस समजून घ्यायला हवा.

वडिलांना मुलगा वकील हवा होता

१० नोव्हेंबर १४८३. जर्मनीतल्या आइस्लेबेन या गावात मार्टिनचा जन्म झाला. दुसऱ्या दिवशी संत मार्टिनचा सण होता. त्याच दिवशी बाळाचा बाप्तिस्मा झाला आणि नावही तेच पडलं.

वडील हान्स शेतकरी घरातले, पण शेती सोडून तांब्याच्या खाणधंद्यात उतरलेले. पुढे कुटुंब मान्सफेल्टला गेलं आणि तिथे त्यांनी तांबं वितळवण्याच्या भट्ट्या चालवल्या. कष्टाने वर आलेल्या बापाचं असतं तेच स्वप्न त्यांचंही होतं. पोराने शिकावं, वकील व्हावं, घराण्याचं नाव काढावं.

पोरगं हुशार होतं. १५०१ मध्ये त्याने एर्फुर्ट विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १५०५ मध्ये एमए पूर्ण केलं. लगेच कायद्याचं शिक्षणही सुरू झालं. सगळं वडिलांच्या प्लॅनप्रमाणे चाललं होतं.

मग आला २ जुलै १५०५ हा दिवस. घरून विद्यापीठाकडे परतताना श्टॉटर्नहाइम गावाजवळ मार्टिन वादळात सापडला. अगदी जवळ वीज कोसळली. तो जमिनीवर पडला आणि घाबरून त्याने संत अ‍ॅनाला नवस बोलला. ही येशूची आजी आणि खाणकामगारांची रक्षणकर्ती मानली जाणारी संत, म्हणजे त्याच्या घरच्यांच्या ओळखीतली. वाचलो तर संन्यास घेईन, असा तो नवस होता.

तो वाचला. पंधरा दिवसांनी, १७ जुलैला, एर्फुर्टमधल्या ऑगस्टिनियन मठाचं दार त्याच्या मागे बंद झालं. तेव्हा त्याचं वय होतं २१. वडील संतापले. दोन वर्षांनी मार्टिन धर्मगुरू झाला आणि त्याने पहिला मिस्सा अर्पण केला, तेव्हा ते आले खरे. पण जेवताना त्यांनी त्याला विचारलंच, की आई-बापाचा मान राखावा ही देवाची आज्ञा तू वाचली नाहीस का, आणि ती वीज देवाकडून नाही तर सैतानाकडून आली असेल तर?

नियम पाळून पाळून दमलेला संन्यासी

त्या काळातल्या सामान्य माणसाच्या डोक्यात मरणानंतरचं चित्र अगदी स्पष्ट होतं. वर स्वर्ग, खाली नरक आणि मध्ये शुद्धिस्थान. आयुष्यात उरलेल्या पापांची शिक्षा या शुद्धिस्थानात भोगायची आणि मग स्वर्गात जायचं. उपवास, तीर्थयात्रा, दानधर्म, संतांच्या अवशेषांचं दर्शन, या सगळ्याने ती शिक्षा कमी होते, अशी शिकवण होती.

एक गोष्ट इथे नीट समजून घेतली पाहिजे. माणूस स्वतःच्या जोरावर स्वर्ग कमावतो, असं कॅथलिक चर्च तेव्हाही शिकवत नव्हतं. देवाच्या कृपेशिवाय काहीच होत नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. पण ल्यूथर ज्या विचारात वाढला, त्यात एक अट होती. माणसाने आपल्याकडून होईल तेवढं सगळं करायचं, मग देव आपली कृपा नाकारत नाही.

वाचायला ही अट सोपी वाटते. पण आपल्याकडून होईल तेवढं सगळं केलं, हे ठरवायचं कसं?

दहावीला ९५ टक्के मिळवलेल्या मुलाला घरी आल्यावर उरलेले पाच कुठे गेले असं विचारतात ना, तसंच काहीसं ल्यूथरचं झालं होतं. फरक एवढाच, की विचारणाराही तोच आणि उत्तर देणाराही तोच. उपवास केला, पण मनापासून केला का? प्रार्थना केली, पण ती देवाच्या प्रेमाने की नरकाच्या भीतीने? भीतीने केली असेल तर तो स्वार्थ झाला. आणि स्वार्थ हे तर पाप. म्हणजे पुण्य करतानाही पापच.

तो कडक उपवास करायचा, कडाक्याच्या थंडीत रात्री जागायचा. पापकबुलीला बसला की कधी कधी सहा-सहा तास उठायचा नाही, असं सांगितलं जातं. बाहेर आल्यावर एखादं राहून गेलेलं पाप आठवायचं आणि स्वारी परत आत.

त्याची कबुली ऐकणारे योहान फॉन श्टाउपित्स हे त्या संन्यासी संघाचे जर्मनीतले प्रमुख होते. ते समंजस होते. स्वतःच्या पापांकडे टक लावून बसण्यापेक्षा क्रुसावरच्या ख्रिस्ताकडे बघ, असं ते त्याला समजावत. शेवटी त्यांनी या शिष्याला एक काम दिलं. विटेनबर्गच्या नव्या विद्यापीठात बायबल शिकवायचं. ऑक्टोबर १५१२ मध्ये ल्यूथर डॉक्टर झाला आणि श्टाउपित्स यांचीच प्राध्यापकाची जागा त्याला मिळाली.

त्याआधी, १५१०-११ च्या सुमारास, संघाच्या कामासाठी तो रोमला जाऊन आला होता. तिथे पवित्र मानला जाणारा २८ पायऱ्यांचा जिना आहे. प्रत्येक पायरीवर प्रार्थना म्हणत तो गुडघ्यांवर चढायचा, म्हणजे शुद्धिस्थानातल्या आत्म्याची सुटका होते, अशी श्रद्धा. ल्यूथर आपल्या आजोबांसाठी तो जिना चढला. वर पोहोचल्यावर मात्र त्याच्या मनात आलं, हे सगळं खरंच आहे का कुणास ठाऊक.

उत्तर सापडलं ते एका शब्दात

विटेनबर्गमध्ये ल्यूथर स्तोत्रसंहिता शिकवू लागला, मग प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र, मग गलतीकरांस पत्र. शिकवण्यासाठी त्याला ओळ न् ओळ खणावी लागत होती. आणि रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो अडला.

तिथे म्हटलंय, की शुभवर्तमानात देवाचं नीतिमत्त्व प्रकट होतं. ल्यूथरला हा शब्दच नको वाटायचा. नीतिमत्त्व म्हणजे न्याय, आणि न्यायी देव म्हणजे प्रत्येक चुकीची शिक्षा देणारा न्यायाधीश, असंच तो शिकला होता. आधी आज्ञा देऊन माणसाला चिरडायचं आणि मग शुभवर्तमानातही न्यायाचीच धमकी द्यायची? अशा देवाचा आपल्याला राग यायचा, हे त्याने पुढे म्हातारपणी स्वतःच लिहून ठेवलं.

बराच काळ या ओळीशी झटल्यावर त्याचं लक्ष पुढच्या शब्दांकडे गेलं. नीतिमान माणूस विश्वासाने जगेल, असं तिथे होतं. त्यावरून त्याला उलगडा झाला. देवाचं नीतिमत्त्व म्हणजे देव ज्याने माणसाला मोजतो ती फूटपट्टी नव्हे. देव माणसाला जे देऊन टाकतो, ते हे नीतिमत्त्व. माणसाने ते कमवायचं नसतं, विश्वासाने स्वीकारायचं असतं.

सोप्या भाषेत सांगायचं तर इतके दिवस तो ज्याला पगार समजत होता, ती भेट निघाली. पगारासाठी काम मोजावं लागतं. भेटीसाठी देणाऱ्यावर विश्वास ठेवून हात पुढे करावा लागतो, बस्स.

हे नेमकं कोणत्या वर्षी घडलं यावर अभ्यासक अजून भांडतात. काही जण १५१७ च्या आधीचं सांगतात, काही १५१८-१९ चं. बहुधा ते एका रात्रीत झालंच नाही, वर्गात शिकवता शिकवता हळूहळू उमगत गेलं. पण यानंतरचा ल्यूथर वेगळा होता, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

ख्रिस्ती विचारात याला केवळ विश्वासाने नीतिमान ठरणं असं म्हणतात. इथला विश्वास म्हणजे देव आहे असं नुसतं मान्य करणं नव्हे. बुडणारा माणूस दोराला जसा धरतो, तसा भरवसा ख्रिस्तावर टाकणं.

मग क्षमापत्रांचा वाद कुठून आला?

हा सगळा विचार वर्गातच राहिला असता. पण तेव्हाच शेजारच्या प्रदेशात एक विक्री मोहीम सुरू झाली.

तिची पार्श्वभूमी अशी. आल्ब्रेख्त नावाच्या तरुण सरदारपुत्राकडे दोन धर्मप्रांतांचा कारभार होता. त्याला माइन्झचं आर्चबिशपपदही हवं होतं. त्यासाठी रोमला मोठी रक्कम द्यावी लागणार होती, म्हणून त्याने फुगर या धनाढ्य सावकार घराण्याकडून कर्ज घेतलं. ते फेडायचं कसं? पोप दहावे लिओ यांनी रोममधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी क्षमापत्रं जाहीर केली होती. ती आल्ब्रेख्तने आपल्या प्रदेशात विकायची, निम्मे पैसे रोमला आणि निम्मे सावकाराला, असं ठरलं. निम्मे पैसे कर्जात जातात, हे घेणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

नियमानुसार क्षमापत्र पाप पुसत नव्हतं. पश्चात्ताप केल्यावरही उरणारी शिक्षा ते कमी करत होतं. १४७६ पासून तर शुद्धिस्थानातल्या मृत नातेवाइकांसाठीही ते घेता येऊ लागलं होतं. पण बाजारात बारीक अक्षरातल्या अटी कोण वाचतो? योहान टेट्झेल हा धर्मगुरू गावोगाव फिरून ही पत्रं विकत होता आणि ऐकणाऱ्याला एवढंच कळत होतं, की पैसे टाका, आई-वडिलांचा आत्मा सुटेल.

विटेनबर्गमध्ये ही विक्री बंद होती. त्यामागे ल्यूथरचा राजा फ्रेडरिक याचाही हिशोब होता. त्याच्याकडे स्वतःचा संतांच्या अवशेषांचा संग्रह होता, १५२० पर्यंत त्यात १९ हजारांहून जास्त वस्तू जमल्या होत्या. त्यांच्या दर्शनानेही शिक्षा माफ होते असं मानलं जाई, मग दुसऱ्याचं दुकान कशाला चालू द्यायचं? पण लोक सरहद्द ओलांडून जायचे, पत्र घेऊन यायचे आणि ल्यूथरकडे पापकबुलीला येऊन तो कागद दाखवायचे.

तिथे ल्यूथरचा संयम सुटला. त्याला पैशांपेक्षा जास्त त्रास झाला तो या खोट्या निश्चिंतीचा. ज्या शांतीसाठी तो स्वतः वर्षानुवर्षं तळमळला, ती इथे काउंटरवर मिळत होती आणि ती नकली होती. गरीब माणूस मुलांच्या तोंडचा घास काढून कागद विकत घेत होता.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने आर्चबिशप आल्ब्रेख्तला पत्र लिहिलं आणि सोबत लॅटिनमधले ९५ मुद्दे जोडले. ते त्याने त्याच दिवशी चर्चच्या दारावर हातोड्याने ठोकले, हे दृश्य प्रसिद्ध आहे. पण तसं झालंच होतं का, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. विद्यापीठात वादविवादासाठी मुद्दे लावणं ही तेव्हाची नेहमीची पद्धत होती. पत्र मात्र नक्की गेलं, ते आजही जपलेलं आहे.

आता आला छापखाना. काही आठवड्यांत हे मुद्दे जर्मनीतल्या वेगवेगळ्या शहरांत छापले गेले. १५१८ मध्ये ल्यूथरने हाच विषय सोप्या जर्मनमध्ये एका छोट्या पुस्तिकेत मांडला आणि ती दोनेक वर्षांत वीसहून जास्त वेळा छापली गेली. आजच्या भाषेत, एका प्राध्यापकाची पोस्ट व्हायरल झाली होती.

सम्राटासमोर

पुढची तीन वर्षं वाद चढत गेला. १५१८ मध्ये ऑग्सबर्गला पोपच्या दूताने त्याला माघार घ्यायला सांगितलं. १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादविवादात योहान एक या कसलेल्या पंडिताने त्याला अशा कोपऱ्यात गाठलं, की पोपच नव्हे तर धर्मपरिषदाही चुकू शकतात, असं त्याने जाहीरपणे मान्य केलं. म्हणजे आता अधिकार कुणाचा? फक्त बायबलचा.

जून १५२० मध्ये पोपने फर्मान काढलं. त्यात ल्यूथरची ४१ विधानं चुकीची ठरवली आणि माघारीसाठी ६० दिवस दिले. मुदत संपल्यावर, १० डिसेंबरला, ल्यूथरने विटेनबर्गमध्ये ते फर्मान जाळलं. ३ जानेवारी १५२१ ला त्याला चर्चमधून बहिष्कृत केलं गेलं.

एप्रिल १५२१ मध्ये वर्म्स शहरात सम्राट पाचवा चार्ल्स याच्यासमोर त्याला उभं केलं. सम्राट २१ वर्षांचा, ल्यूथर ३७ चा. समोर टेबलावर त्याची पुस्तकं मांडलेली. दोनच प्रश्न होते. ही पुस्तकं तुझी का? आणि यातलं मागे घेतोस का?

पहिल्या दिवशी ल्यूथर डगमगला. त्याने विचार करायला वेळ मागितला. दुसऱ्या दिवशी, १८ एप्रिलला, मात्र त्याने सांगितलं, की बायबल आणि स्वच्छ युक्तिवाद यांनी मला चूक दाखवून दिल्याशिवाय मी मागे हटणार नाही, कारण माझी सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाला बांधलेली आहे. या भाषणाचं म्हणून जे सगळ्यात प्रसिद्ध वाक्य सोशल मीडियावर फिरतं, ते बहुधा नंतरच्या छापील प्रतीत घातलं गेलं.

सम्राटाने त्याला कायद्याबाहेरचा ठरवलं. पण त्याआधीच, परतीच्या वाटेवर, राजा फ्रेडरिकच्या माणसांनी त्याचं खोटं अपहरण करून त्याला वार्टबर्गच्या किल्ल्यात लपवलं. दाढी वाढवून, सरदार यॉर्ग हे नाव घेऊन तो तिथे दहा महिने राहिला. त्यातल्या अकरा आठवड्यांत त्याने नव्या कराराचं ग्रीकमधून जर्मनमध्ये भाषांतर केलं. सप्टेंबर १५२२ मध्ये ते छापून आलं आणि डिसेंबरमध्येच दुसरी आवृत्ती काढावी लागली.

तारण फुकट, तर चांगलं वागायचंच कशाला?

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. ल्यूथरच्या विरोधकांनी तो पहिल्या दिवसापासून विचारला.

त्याचं उत्तर १५२० सालच्या ख्रिस्ती माणसाचं स्वातंत्र्य या पुस्तिकेत आहे. त्यात त्याने बायबलमधलाच झाडाचा दाखला घेतला. चांगल्या फळांनी झाड चांगलं होत नाही. झाड चांगलं असेल तर फळं चांगली येतात. सत्कर्म हे तारणाचं मूळ नाही, फळ आहे.

दुसरा दाखला लग्नाचा. ख्रिस्त हा श्रीमंत नवरा आणि माणसाचा आत्मा ही कर्जात बुडालेली नवरी. लग्न झालं की तिचं कर्ज त्याचं आणि त्याची संपत्ती तिची. हा हिशोब तिच्या लायकीवर झालेला नसतो.

आणि मग त्याने एक फार महत्त्वाची गोष्ट मांडली. देवाला आपल्या पुण्यकर्मांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. जोवर मी स्वर्गासाठी दान करतो, तोवर भिकारी हे माझ्या पुण्याचं साधन असतं. स्वर्गाची चिंता मिटली, की पहिल्यांदाच मी त्या माणसाकडे माणूस म्हणून बघू शकतो.

वाद मात्र थांबला नाही. भाषांतरात ल्यूथरने रोमकरांस पत्रातल्या एका ओळीत फक्त हा शब्द घातला होता. फक्त विश्वासाने, असं. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द नाही. टीका झाल्यावर त्याने उत्तर दिलं, की अर्थ तोच आहे आणि जर्मन माणूस असंच बोलतो. उलट नव्या करारातलंच याकोबाचं पत्र माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरत नाही असं सरळ सांगतं. ल्यूथरने ते पत्र बायबलमधून काढलं नाही, पण त्याला कमी लेखलं. कॅथलिक अभ्यासक आजही इथे बोट ठेवतात.

प्रत्यक्षातही अडचण आलीच. १५२७ पासून सॅक्सनीतल्या गावांची पाहणी झाली, तेव्हा लोकांना धर्माची साधी ओळखही नाही आणि नव्या स्वातंत्र्याचा अर्थ अनेकांनी काहीही करायची मोकळीक असा घेतलाय, हे पाहून ल्यूथर हादरला. १५२९ मध्ये त्याने घराघरांत शिकवण्यासाठी प्रश्नोत्तरांचं छोटं पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवात केली दहा आज्ञांनी. पुढे त्याचा जुना सहकारी योहान आग्रिकोला म्हणू लागला, की ख्रिस्ती माणसाला नियमशास्त्र शिकवायची गरजच नाही. तेव्हा ल्यूथर त्याच्याविरुद्धही उभा राहिला.

विश्वास एकीकडे, कृती दुसरीकडे

इथून पुढची गोष्ट अवघड आहे. पण ती टाळली तर ल्यूथर अर्धाच राहतो.

१५२४-२५ मध्ये जर्मनीतले शेतकरी उठले. वेठबिगारी बंद करा, आमचा पाद्री आम्हाला निवडू द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या आणि आधार बायबलचा होता. ख्रिस्ताने सगळ्यांना मुक्त केलंय, तर आम्ही गुलाम का? हा प्रश्न त्यांना ल्यूथरच्याच काळात, त्याच्याच भाषेत सुचला होता.

ल्यूथरने आधी दोन्ही बाजूंना सुनावलं. जुलमी सरदारांनाही सोडलं नाही. पण हिंसा वाढल्यावर त्याने सरदारांना शेतकऱ्यांची कत्तल करायला सांगणारी एक भयंकर पुस्तिका लिहिली. मे १५२५ मध्ये फ्रांकेनहाउझेनला शेतकऱ्यांची फौज चिरडली गेली. या उठावात मेलेल्यांचा आकडा एक लाखापर्यंत गेला असावा, असा अंदाज आहे. आत्म्याचं स्वातंत्र्य वेगळं आणि समाजातली उतरंड वेगळी, अशी ल्यूथरची भूमिका होती. शेतकऱ्यांना ती फसवणूक वाटली.

त्याच वर्षी १३ जूनला त्याने लग्न केलं. काथारीना फॉन बोरा ही दोन वर्षांपूर्वी मठातून पळून आलेली जोगीण. माशांचा पुरवठा करणाऱ्या व्यापाऱ्याच्या गाडीतून तिने इतर जोगिणींसोबत मठ सोडला होता. जुन्या मठाच्या इमारतीतच त्यांनी संसार थाटला. बिअर बनवणं, शेती, डुकरं, विद्यार्थ्यांची खानावळ, सगळा पसारा काथारीना सांभाळायची. त्यांना सहा मुलं झाली. १५४२ मध्ये १३ वर्षांची माग्दालेना बापाच्या हातांत गेली, तेव्हा विश्वासावर शेकडो प्रवचनं दिलेला हा माणूस ढसाढसा रडला.

त्याच्या मनातली भीती कधी पूर्ण गेली नाही. १५२७ मध्ये तर आजारपण आणि नैराश्याने त्याला पार खाली ओढलं. ज्याने जगाला खात्री शिकवली, त्याला स्वतःला ती रोज नव्याने मिळवावी लागायची.

आणि १५४३ मध्ये त्याने ज्यूंविरुद्ध पुस्तक लिहिलं. वीस वर्षांपूर्वी याच माणसाने ज्यूंशी प्रेमाने वागा असं लिहिलं होतं. ते ख्रिस्ती होतील, ही त्याची आशा होती. ती फोल ठरल्यावर म्हातारा ल्यूथर त्यांची प्रार्थनास्थळं जाळा, घरं पाडा, ग्रंथ हिसकावा असं सांगू लागला. चारशे वर्षांनी नाझींनी हे लिखाण प्रचारात वापरलं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या ल्यूथरन चर्चने या लिखाणाचा जाहीर निषेध केला.

कृपा लायकी बघून मिळत नाही असं शिकवणाऱ्या माणसाने शेजाऱ्याची लायकी ठरवली. त्याच्याच दाखल्याने विचारायचं तर झाड चांगलं होतं, मग हे फळ कुठून आलं? ल्यूथरचं एक उत्तर तयार होतं. विश्वास ठेवणारा माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. पण ज्यांची घरं जळाली, त्यांना हे उत्तर पुरेसं आहे का, हा प्रश्न राहतोच.

शेवटचा कागद

फेब्रुवारी १५४६. मान्सफेल्टच्या सरदार घराण्यातलं भांडण मिटवायला ल्यूथर थंडीत प्रवास करून आइस्लेबेनला गेला. भांडण मिटलं, पण त्याची तब्येत ढासळली. १८ फेब्रुवारीला, ज्या गावात जन्म झाला त्याच गावात, वयाच्या ६२ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

मागे एक कागदाचा तुकडा सापडला. दोन दिवसांपूर्वी लिहिलेला. बायबल पूर्ण समजलंय असं कुणी समजू नये, असा त्याचा आशय. आणि शेवटी, आपण सगळे भिकारी आहोत, हेच खरं, असं लिहिलेलं. ढीगभर पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाने हिशोबाच्या वहीत शेवटी काहीच जमा दाखवलं नाही. रिकामा हात तेवढा दाखवला.

वाद मिटला का?

ल्यूथर गेल्यावर वर्षभरातच, जानेवारी १५४७ मध्ये, ट्रेंटच्या धर्मपरिषदेत कॅथलिक चर्चने आपलं उत्तर दिलं. कृपेची सुरुवात देवाकडूनच होते आणि ती कमावता येत नाही, हे मान्य. पण फक्त विश्वास पुरेसा नाही. माणसाने त्या कृपेला साथ द्यायला हवी आणि त्याची सत्कर्मं त्या वाटचालीत मोजली जातात.

त्यानंतर युरोपात धर्मावरून युद्धं झाली, देश वाटले गेले. ४५० हून अधिक वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन संघटनेने एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणूस स्वतःच्या कामगिरीमुळे नाही, तर कृपेने आणि ख्रिस्तावरच्या विश्वासाने स्वीकारला जातो आणि मग सत्कर्मं करू लागतो, यावर दोघांचं मूळ एकमत असल्याचं त्यात म्हटलंय. बारकाव्यांवर मतभेद आहेतच.

हा प्रश्न आपल्याकडेही कुणाला तरी असाच भिडला होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतला. पण पुढे त्यांनीच लिहिलंय, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नाही. विश्वासाने तारण म्हणजे काय, हे बाप्तिस्म्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना उमगलं. आणि ल्यूथरसारखंच त्यांनीही आयुष्याची शेवटची वर्षं मूळ भाषांतून बायबल मराठीत आणण्यात घालवली.

ल्यूथरचं उत्तर तुम्हाला पटो न पटो, धर्म तुमचा कोणताही असो किंवा नसो, त्याचा प्रश्न जुना झालेला नाही. मार्क, पॅकेज, फॉलोअर्स, आपण आजही आपली किंमत मोजतच असतो आणि पुरे झालं असं कुणी म्हणत नाही. पाचशे वर्षांपूर्वी एका दमलेल्या संन्याशाला वाटलं, की ही किंमत आपण कमवायचीच नसते. त्याला हे कळलं. दुसऱ्यालाही हेच लागू होतं, हे मात्र तो अनेकदा विसरला.